कॅम्पसवरची खोली: अर्जापासून किल्ली परत करेपर्यंत

विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचं पत्र येतं आणि त्याच्या मागोमाग दुसरा मेल येतो: राहण्याच्या सोयीसाठी अमुक तारखेच्या आत अर्ज करा, पसंतीक्रम भरा. लिंक उघडली की आठ-दहा इमारतींची नावं, प्रत्येकीचा एक झकास फोटो आणि खाली दर. फोटोत पडदा उघडा, ऊन आत आलेलं, पलंगावर घडीही न मोडलेली चादर. एवढ्यावरून वर्षभर कुठे राहायचं ते ठरवायचं असतं, आणि आपण बहुतेक जण तो फोटो बघूनच ठरवतो.

मीही तेच केलं. पहिल्या वर्षी मजल्यावरची सगळ्यात मोठी खोली मिळवली. भिंतीपलीकडे कपडे धुण्याची मशिनं आहेत हे पहिल्याच रात्री अकरा वाजता कळलं, मशिन कुणाचे तरी कपडे पिळायला लागलं तेव्हा. टेबलावरचा पेला थरथरत कडेकडे सरकत होता. पुढच्या वर्षीची खोली इतकी अरुंद, की खुर्ची मागे घेतली की पलंगाला टेकायची. तिथे मी तीन वर्षं आपखुशीने काढली, कारण स्वयंपाकघर सहा जणांत होतं आणि ते सहाही जण आपापली भांडी घासणारे होते.

म्हणून इथे खोलीबद्दल कमी आणि खोलीच्या दाराबाहेरच्या गोष्टींबद्दल जास्त लिहितोय. न्हाणीघर किती जणांत, स्वयंपाकघर कुणाकुणाचं, करार किती आठवड्यांचा, भिंतीपलीकडे काय, यावर वर्ष कसं जाणार ते ठरतं.

पायरी १: कोणकोणते प्रकार असतात ते समजून घ्या

नावं प्रत्येक विद्यापीठात वेगळी असली तरी प्रकार फिरून तेच असतात.

सगळ्यात जुना आणि बहुधा सगळ्यात स्वस्त प्रकार म्हणजे लांबलचक मार्गिका, दोन्ही बाजूंना खोल्या आणि टोकाला सामायिक न्हाणीघरं. खोली एकट्याची, दोघांची किंवा तिघांची. गैरसोय उघड आहे. पण ओळखी सगळ्यात पटकन इथेच होतात, कारण दात घासायलाही बाहेर पडावं लागतं. जिथे कुणालाच ओळखत नाही अशा ठिकाणी पहिलं वर्ष असेल, तर मी डोळे झाकून हाच प्रकार सुचवेन.

दुसरा प्रकार ‘स्वीट’चा. दोन ते चार खोल्या, मध्ये एक बैठकीची जागा, न्हाणीघर फक्त तेवढ्या जणांचं. ऐकायला उत्तम. मात्र हे न्हाणीघर साफ करायला सहसा कर्मचारी येत नाहीत, ते तुम्हालाच करावं लागतं. मार्गिकेवरची सामायिक न्हाणीघरं बहुतेक ठिकाणी रोज कुणीतरी धुतं. हा फरक माहितीपत्रकात ठळक अक्षरांत कधीच नसतो.

तिसरा प्रकार म्हणजे फ्लॅट किंवा अपार्टमेंट: प्रत्येकाची वेगळी खोली आणि सगळ्यांत मिळून स्वयंपाकघर. वरच्या वर्षांच्या आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना बहुधा हेच मिळतं. स्टुडिओ म्हणजे एका खोलीत पलंग, शेगडी आणि स्वतःचं न्हाणीघर. महाग असतो, शांत असतो आणि पहिल्या वर्षाला एकाकीही. जोडप्यांसाठी आणि मुलाबाळांसह येणाऱ्यांसाठी वेगळी घरं असतात. ती मोजकीच असतात आणि प्रतीक्षा यादी लांब असते, त्यामुळे त्यांचा अर्ज प्रवेशाच्या अर्जाबरोबरच करता येतो का, ते विचारून ठेवा.

याशिवाय काही मजले ठरावीक हेतूने राखलेले असतात: शांततेचे, दारू-सिगारेटला पूर्ण बंदी असलेले, फक्त मुलींचे, एकाच विषयाच्या विद्यार्थ्यांचे. शांततेच्या मजल्यांबद्दल उगाच गैरसमज आहेत. तिथेही लोक हसतात-खिदळतात, फक्त रात्री साडेअकराला दार वाजवून ‘जरा हळू’ म्हणायचा हक्क तुमच्याकडे असतो.

सामायिक जागा नीट योजली तर काय साधतं, याचं आवडतं उदाहरण कोपनहेगनमधलं आहे. तिथलं टिटगेन वसतिगृह २००६ मध्ये पूर्ण झालं. इमारत गोल आहे आणि खोल्या ३६०. दर १२ खोल्यांमागे एक स्वयंपाकघर. खोल्यांच्या खिडक्या बाहेरच्या बाजूला उघडतात आणि स्वयंपाकघरं आतल्या अंगणाकडे तोंड करून आहेत. त्यामुळे एकटं राहायचं तर खोलीत बसा आणि माणसं हवी असतील तर आतल्या बाजूला या, हे वेगळं सांगावं लागत नाही. तुमच्या यादीतली इमारत अशी देखणी नसेल, पण ‘स्वयंपाकघर किती जणांत’ हा प्रश्न तिथेही विचारता येतो. सहा-आठ जणांत चालून जातं. वीस जणांत एक असेल तर सिंकमधल्या भांड्यांना मालक उरत नाही.

पायरी २: दर नाही, एकूण रक्कम बघा

दोन इमारतींचे दर शेजारी ठेवून तुलना करणं फसवं असतं, कारण करारांची लांबी वेगळी असते. समजा, एका ठिकाणी आठवड्याला १०० आहेत आणि करार ४० आठवड्यांचा. दुसरीकडे आठवड्याला ९०, पण करार ५१ आठवड्यांचा. पहिल्याचे होतात ४,०००, दुसऱ्याचे ४,५९०. ‘स्वस्त’ दिसणारी खोलीच महाग पडली. मात्र सुट्टीत तुम्ही घरी जाणारच नसाल, तर पहिल्या खोलीत उरलेल्या १२ आठवड्यांसाठी दुसरीकडे पैसे मोजावे लागतील आणि हिशेब पुन्हा उलटेल. म्हणून आधी कॅलेंडर काढा: सत्र कधी सुरू होतं, मधल्या सुट्टीत इमारत बंद होते का, बंद झाली तर सामान खोलीत ठेवता येतं का. लांबून येणाऱ्यांना हा शेवटचा प्रश्न हमखास सतावतो.

मग दरात काय काय धरलंय ते बघा. वीज, पाणी, गरम पाणी, इंटरनेट, कपडे धुण्याची मशिनं (बऱ्याच ठिकाणी दर धुलाईला वेगळे पैसे पडतात), खोलीतल्या वस्तूंचा विमा. मेसचं जेवण सक्तीचं असेल तर आठवड्याला किती जेवणं, न जेवलेल्यांचे पैसे परत मिळतात का आणि शनिवार-रविवारी मेस उघडी असते का, हेही विचारा.

करारातली दोन कलमं डोळ्यांत तेल घालून वाचा. एक, मध्येच खोली सोडली तर काय होतं. कित्येक करारांत उरलेल्या महिन्यांचं भाडं भरावंच लागतं, नाहीतर आपल्या जागी दुसरा विद्यार्थी शोधून द्यावा लागतो. दोन, फ्लॅटमध्ये करार प्रत्येकाचा वेगळा आहे की सगळ्यांचा मिळून एक. सगळ्यांचा मिळून असेल तर एकाने भाडं थकवल्यावर ते बाकीच्यांकडून वसूल होऊ शकतं. जामीनदार लागणार असेल तर तो त्याच देशातला असावा लागतो का, तेही आधीच बघा. ऐन वेळी असा माणूस मिळणं कठीण असतं.

पायरी ३: अर्ज आणि पसंतीक्रम

वाटप साधारण तीन रीतींनी होतं. ‘आधी येईल त्याला आधी’ असेल तर अर्ज सुरू होण्याचा दिवस आणि तास लिहून ठेवा. प्राधान्यक्रम असेल, म्हणजे पहिल्या वर्षाचे, लांबचे, वैद्यकीय गरज असलेले आधी, तर लागणारे दाखले हाताशी ठेवा. तिसरी रीत लॉटरीची: प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो आणि त्या क्रमाने खोल्या निवडल्या जातात.

लॉटरीत पुष्कळ जण उगाच डोकं चालवतात: ‘त्या इमारतीला गर्दी असणार, तिला मुद्दाम दुसऱ्या क्रमांकावर टाकू.’ हव्या तितक्या पसंती देता येत असतील तर या चलाखीने काहीही मिळत नाही. तुमची पाळी आली की शिल्लक खोल्यांतली तुमच्या यादीत सगळ्यात वर असलेली खोली तुम्हाला मिळणार, मग यादी खरी लिहिण्यातच फायदा आहे. पण फॉर्मवर फक्त तीन किंवा पाचच रकाने असतील तर गोष्ट वेगळी. तिथे सगळ्या जागा गर्दीच्या इमारतींवर उधळू नका. शेवटच्या रकान्यात अशी एक इमारत टाका, जी फार कुणाला नको असते आणि तुम्हाला चालते.

इमारतीचा नकाशा मिळत असेल तर मागा. एकाच इमारतीतल्या खोल्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात आल्वार आल्तो या फिनिश वास्तुकाराने बांधलेलं बेकर हाऊस १९४९ चं आहे. त्याची भिंत नागमोडी आहे, जास्तीत जास्त खोल्यांतून नदी तिरपी का होईना दिसावी म्हणून. परिणामी खोल्यांचे आकारही तऱ्हेतऱ्हेचे झाले. साध्या चौकोनी इमारतीतही जिना, लिफ्ट, मशिनांची खोली, मागच्या बाजूचं कचरा उचलण्याचं ठिकाण यांच्यापासून खोली किती लांब आहे, हे नकाशावर दोन मिनिटांत दिसतं. माझ्या पेल्याची गोष्ट आठवा.

वैद्यकीय किंवा शारीरिक गरजा असतील तर संकोच न करता अर्जातच लिहा: तळमजला, रुंद दार, ऐकू कमी येणाऱ्यांसाठी दिव्याने इशारा देणारा अलार्म, औषधासाठी खोलीत छोटा फ्रिज. या गोष्टी वाटपाच्या आधी सांगितल्या तर बहुतेक वेळा होतात. नंतर सांगणं म्हणजे वरातीमागून घोडं.

आणि पैसे भरायचे ते विद्यापीठाच्या अधिकृत पोर्टलवरूनच. ‘माझी कॅम्पसवरची खोली रिकामी आहे, आगाऊ रक्कम पाठव’ असा संदेश आला तर तो थेट वसतिगृह कार्यालयाला दाखवा. कॅम्पसवरची खोली बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याला परस्पर दुसऱ्याला देताच येत नाही.

पायरी ४: रूममेटचा फॉर्म खोटा भरू नका

कधी झोपता, किती नीटनेटके आहात, पाहुणे येतात का, आवाजात अभ्यास जमतो का, अशी एक प्रश्नावली येते. आई-वडील शेजारी बसलेले असतात आणि मुलगा ‘रात्री दहाला झोपतो’ वर खूण करतो. मग त्याला खरोखर दहाला झोपणारा रूममेट मिळतो.

जोड्या लावणं हे गणितातही अवघड प्रकरण आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ साली दाखवून दिलं, की रूममेट जोडताना कधीकधी कुणाचीच तक्रार उरणार नाही अशी मांडणी अस्तित्वातच नसते. चार जण घ्या. ‘अ’ला ‘ब’ हवा, ‘ब’ला ‘क’ हवा, ‘क’ला ‘अ’ हवा, आणि ‘ड’ सगळ्यांच्या यादीत शेवटी. ‘ड’ कुणाच्याही वाट्याला घाला, त्या माणसाला पहिली पसंती देणारा एक जण दुसऱ्या खोलीत असतोच आणि ते दोघे आपापल्या जोड्या मोडायला तयार होतात. पुढे १९८५ मध्ये रॉबर्ट अर्विंग यांनी, अशी स्थिर मांडणी असेल तर ती शोधून काढायची आणि नसेल तर तसं सांगायची पद्धत दिली. वसतिगृह कार्यालयातल्या माणसाकडून जादूची अपेक्षा ठेवू नका. त्याच्या हातात फक्त तुमची उत्तरं आहेत, ती तरी खरी असू द्या.

रूममेटचा परिणाम किती होतो? अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात पहिल्या वर्षाचे रूममेट जवळजवळ चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरत. त्याचा फायदा घेऊन अर्थशास्त्रज्ञ ब्रूस सॅसरडोट यांनी २००१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रूममेटचा परिणाम गुणांवर दिसला, कोणत्या सामाजिक गटांत मुलं जातात यावर दिसला, पण मुख्य विषय कोणता घेतात यावर दिसला नाही. म्हणजे तो तुमचा विषय बदलणार नाही. रात्रीचं वेळापत्रक मात्र बदलेल.

जिवलग मित्राबरोबरच राहायचा हट्ट धरणाऱ्यांना एक सांगतो. मैत्री टिकवायची असेल तर एकाच मजल्यावर राहा, एकाच खोलीत नको.

पायरी ५: सामान

बंदी असलेल्या वस्तूंची यादी आधी वाचा. मेणबत्त्या, उदबत्त्या, हीटर, शेगडी आणि कधीकधी इस्त्रीसुद्धा त्यात असते. दुसऱ्या देशात जात असाल तर विजेची उपकरणं नेण्याआधी त्यांवरची बारीक अक्षरं बघा. लॅपटॉप आणि फोनच्या चार्जरवर सहसा १००-२४० व्होल्ट असं छापलेलं असतं, ते कुठेही चालतात, फक्त पिनेचा अडॅप्टर लागतो. केस वाळवायचं यंत्र किंवा किटली बहुधा एकाच व्होल्टेजची असते. ती घरीच ठेवा.

चादरी विकत घेण्याआधी गादीचं माप विचारा. अमेरिकेतल्या वसतिगृहांत बहुधा ८० इंच लांबीच्या गाद्या असतात, तर नेहमीची एकेरी गादी तिथे ७५ इंचांची. पाच इंच तोकडी चादर रोज रात्री एका कोपऱ्यातून सुटते.

पहिल्या रात्रीची पिशवी वेगळी भरा: चादर, टॉवेल, चार्जर, औषधं, कराराची छापील प्रत, एक जोडी कपडे. बाकीचं सामान उशिरा आलं तरी अडत नाही. पोचायला रात्र होणार असेल तर किल्ली कुठे मिळेल ते आधी लेखी विचारून ठेवा, कारण कार्यालयं संध्याकाळी बंद होतात. काही ठिकाणी ठरलेल्या तारखेपर्यंत न कळवता हजर झाला नाहीत तर खोली दुसऱ्याला जाते.

पायरी ६: पहिला तास

किल्ली हातात आली की सामान दारातच ठेवा. मला माहीत आहे, पाठ मोडलेली असते, पलंग समोर दिसत असतो. तरी बसू नका.

फोन काढा आणि दारापासून सुरुवात करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फोटो घेत चला. दाराची कडी, भिंतीवरचे टेपचे डाग, टेबलाच्या खणाची सुटलेली पट्टी, कपाटाच्या आतली बाजू, खिडकीची खिटी, छत. आता गादी उचला आणि शिवणींच्या कडेने बोट फिरवा. मिरी दळून सांडल्यासारखे काळे ठिपके दिसले तर ढेकूण असू शकतात. मोठा ढेकूण साधारण ५ मिलिमीटरचा, चपटा, तांबूस असतो. शंका आली तर बॅगा खोलीत आणूच नका, तिथूनच कार्यालयात फोन करा. मग नळ पूर्ण सोडून दोन मिनिटं वाहू द्या, पाणी तुंबतं का ते दिसेल. गरम पाणी येतं का, प्रत्येक सॉकेटमध्ये चार्जर चालतो का, खिडकी आतून नीट बंद होते का.

खोलीतल्या वस्तूंचा एक फॉर्म देतात. तो परत करायची मुदत थोडी असते, बऱ्याचदा दोन-तीन दिवसच. त्यात प्रत्येक ओरखडा लिहा. वर्षाअखेरीला डिपॉझिट कापताना हाच कागद पुढे येतो. मी एकदा ‘सगळं ठीक’ लिहून मोकळा झालो आणि आधीच्या कुणीतरी फोडलेल्या आरशाचे पैसे भरले.

शेवटी दाराबाहेर या. आग लागली तर बाहेर पडायचे दोन मार्ग शोधा आणि दोन्ही एकदा चालून बघा. लिफ्ट त्यात धरू नका.

पायरी ७: पहिला आठवडा

रूममेटशी बोलणं पहिल्या दोन-तीन दिवसांतच करा. भीड ही भिकेची बहीण. गोडीगुलाबीच्या दिवसांत जे विचारायचं राहतं, तेच पुढे भांडण होऊन बाहेर येतं. विषय अगदी क्षुल्लक घ्या: अलार्म किती वेळा वाजू द्यायचा, दिवा कधी मालवायचा, खिडकी उघडी की बंद, कुणाचं काय न विचारता वापरायचं, पाहुणा राहायला आला तर किती रात्री. कार्यालय यासाठी छापील कागद देत असेल तर हसण्यावारी न नेता भरा. माझ्या पाहण्यात मोठ्या तत्त्वांवरून रूममेट फारसे भांडले नाहीत. सकाळी सहापासून दर नऊ मिनिटांनी वाजणाऱ्या अलार्मवरून मात्र खोल्या बदलल्या गेल्या.

स्वयंपाकघरात पाळ्यांचा तक्ता लावण्यापेक्षा ‘घासल्याशिवाय सिंकमध्ये काही ठेवायचं नाही’ एवढा एकच नियम जास्त दिवस टिकतो. शेगडीवर काही ठेवून खोलीत जाऊ नका. वसतिगृहांतल्या आगींचं सगळ्यात मोठं कारण स्वयंपाक हेच आहे. धुराचा अलार्म सारखा वाजतो म्हणून त्यावर पिशवी बांधणाऱ्याला दंड होतो, काही ठिकाणी खोलीही जाते. तवा करपला तर खिडकी उघडा, मार्गिकेकडचं दार उघडू नका, नाहीतर धूर बाहेर जाऊन सगळी इमारत रात्री दोनला अंगणात उभी राहते.

एक्स्टेन्शन बोर्डाचंही एक साधं गणित आहे. १० अँपिअरचा बोर्ड २३० व्होल्टवर २,३०० वॉटपर्यंत भार घेतो. किटली साधारण २,००० वॉटची, केस वाळवायचं यंत्र १,५०० च्या आसपास. दोन्ही एकदम लावली की भार ३,५०० वर जातो. नशीब चांगलं असेल तर फक्त ब्रेकर पडतो. लॅपटॉप, फोन, टेबलावरचा दिवा यांनी काही होत नाही.

पायरी ८: जमत नसेल तर

बऱ्याच ठिकाणी सुरुवातीचे काही आठवडे खोलीबदल बंद असतात. त्यामागे तर्क आहे: पहिल्या आठवड्यात घराची आठवण आणि रूममेटचा राग एकमेकांत मिसळलेले असतात. पण त्रास खरा असेल, म्हणजे धमकी, छळ, चोरी, तर त्या नियमाची वाट पाहू नका. मजल्याच्या प्रतिनिधीला किंवा वॉर्डनला त्याच दिवशी सांगा आणि सांगितलेलं मेलने पुन्हा लिहून पाठवा. दुरुस्तीच्या तक्रारींचंही तसंच. तोंडी सांगितलेला गळका नळ कुणाच्याच यादीत नसतो, तक्रार क्रमांक मिळाला की त्याला तारीख चिकटते.

नको असलेली खोली मिळाली तरी प्रतीक्षा यादीत नाव ठेवा. सत्र सुरू होताना काही जण येतच नाहीत, काही जण पहिल्या महिन्यात सोडून जातात. अशा वेळी दर सोमवारी सकाळी कार्यालयात नम्रपणे विचारणाऱ्याचं नाव तिथल्या लोकांच्या लक्षात राहतं.

पायरी ९: निघताना

शेवटच्या परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी खोली रिकामी करायची असते, हे दरवर्षी निम्म्या मजल्याला आदल्या संध्याकाळी कळतं. दोन आठवडे आधी जड पुस्तकं आणि हिवाळी कपडे हलवा. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून दार उघडं ठेवा, नाहीतर त्यातलं बर्फ वितळून जमिनीवर येतं आणि सफाईचे पैसे लागतात. भिंतीवरच्या चिकटपट्ट्या ओढून काढू नका. केस वाळवायच्या यंत्राने गरम करून सावकाश सोलल्या तर रंग निघत नाही. टपालाचा पत्ता बदलायलाही विसरू नका, बँकेची पत्रं महिनोन्‌महिने जुन्याच खोलीवर येत राहतात.

मग रिकाम्या खोलीत पुन्हा दारापासून त्याच क्रमाने फोटो घ्या आणि पहिल्या दिवशीच्या फोटोंशी लावून बघा. किल्ली कुणाच्या हाती देऊन किंवा पेटीत टाकून निघू नका. कार्यालयात स्वतः द्या, आणि तारीख-वेळ लिहिलेली पोच खिशात पडल्याशिवाय गाडीत बसू नका.